स्वतः बांधलेल्या लिनक्समध्ये वायफाय कार्ड जागं होत नाही

कोरीपाटी · शुक्रवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी,

लिनक्स फ्रॉम स्क्रॅच (सगळी सिस्टिम स्वतःच्या हाताने बांधायची पद्धत) हिची १२.२ ही आवृत्ती, सिसव्ही पद्धतीची (सेवा साध्या स्क्रिप्टांनी सुरू होतात अशी), गेले तीन आठवडे रोज रात्री थोडी थोडी बांधत होते. काल ती ग्रबमधून (मशीन सुरू होताना सिस्टिम उठवणारा प्रोग्राम) पहिल्यांदा स्वतःहून उठली. काळ्या पडद्यावर लॉगिन आलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. यातली एकेक फाइल कुठून आली हे मला ठाऊक आहे, असं संगणकाबद्दल पहिल्यांदाच म्हणता आलं.

आता घोडं अडलंय ते वायफायपाशी. लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नाही, त्यामुळे वायफाय नाही तर नेट नाही. 'आयपी लिंक' (नेटवर्कचे इंटरफेस दाखवणारी कमांड) दिलं की फक्त 'एलओ' (मशीनचा स्वतःशीच बोलायचा इंटरफेस) दिसतं, दुसरं काहीच नाही.

आतापर्यंत काय केलंय ते सांगते. कर्नल (सिस्टिमचा गाभा) ६.१०.५. सुरुवात डेफकॉन्फिगवरून (कर्नलची तयार मांडणी) केली आणि मग मेनूकॉन्फिगमध्ये (पर्याय निवडायचा मेनू) जाऊन इंटेलचा आयडब्ल्यूएलवायफाय ड्रायव्हर निवडला, त्याखालचा एमव्हीएमचा पर्यायही निवडला. दोन्हींपुढे तारा आहे, म्हणजे दोन्ही कर्नलच्या आतच आहेत. फर्मवेअर (कार्डात भरायचा प्रोग्राम) लागतं हे वाचलं होतं, म्हणून ज्या उबुंटूवर बसून हे सगळं बांधलं तिथल्या /लिब/फर्मवेअरमधून ८२६५ नावाच्या (माझ्या इंटेल कार्डाच्या) फाइली नव्या सिस्टिमच्या /लिब/फर्मवेअरमध्ये आणून ठेवल्या. त्याच लॅपटॉपवर उबुंटूत वायफाय व्यवस्थित चालतं, म्हणजे कार्ड शाबूत आहे.

नक्की कुठे चुकतंय? फोनवरून लिहितेय, त्यामुळे कमांड आणि पडद्यावरचे संदेश देवनागरीतच उतरवतेय. सांभाळून घ्या.

मुक्तछंद · शुक्रवार, रात्री १०:३८

पहिलं म्हणजे मनापासून अभिनंदन. मी दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा जीसीसी या कंपायलरच्या दुसऱ्या फेरीत सोडून दिलं.

'आरएफकिल लिस्ट' (रेडिओ बंद केलेला आहे का ते दाखवणारी कमांड) देऊन बघितलंत का? माझ्या जुन्या लॅपटॉपवर कडेला एक छोटा खटका होता, तो चुकून सरकला की वायफाय गायब व्हायचं. यादीत 'सॉफ्ट ब्लॉक्ड' दिसलं तर 'आरएफकिल अनब्लॉक ऑल' द्यायचं. 'हार्ड ब्लॉक्ड' असेल तर मात्र खटका हातानेच सरकवावा लागतो, कमांडने तो सुटत नाही.

तांब्याचीतार · शुक्रवार, रात्री ११:०४

आरएफकिल ही नंतरची पायरी. ब्लॉक असलं तरी इंटरफेस यादीत दिसतो, फक्त वर येत नाही. इथे इंटरफेसच जन्माला आलेला नाही, म्हणजे गाडी त्याच्या आधी कुठेतरी थांबली आहे.

दोन गोष्टी हव्या आहेत.

एक, कार्डाची ओळख. मूळ सिस्टिममध्ये पीसीआय-युटिल्स येत नाही, त्यामुळे कार्डांची यादी देणारं 'एलएसपीसीआय' तुमच्याकडे नसणार. अडत नाही. /सिस/बस/पीसीआय/डिव्हाइसेस या फोल्डरमध्ये प्रत्येक उपकरणाचं एकेक फोल्डर असतं, त्यात 'व्हेंडर' आणि 'डिव्हाइस' नावाच्या फाइली असतात. त्या 'कॅट'ने वाचा. इंटेलचा व्हेंडर क्रमांक ८०८६.

दोन, 'डीमेसेज'मधल्या (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) आयडब्ल्यूएलवायफाय आणि सीएफजी८०२११ (कर्नलचा वायफायसाठीचा सामायिक भाग) असलेल्या सगळ्या ओळी, डाव्या कंसातल्या सेकंदांसकट. सेकंद गाळू नका. शिवाय 'व्हीएफएस: माउंटेड रूट' (म्हणजे मुख्य डिस्क जोडली गेली) ही ओळ कितव्या सेकंदाला आली तेही लिहा.

तोवर काहीही बदलू नका.

कोरीपाटी · शनिवार, सकाळी ७:३२

आरएफकिलची यादी रिकामीच आली. ०२:००.० या फोल्डरात व्हेंडर ८०८६ आणि डिव्हाइस २४एफडी असं आहे.

डीमेसेजमधल्या ओळी पडद्यावर बघून उतरवल्या आहेत:

[१.४१७] आयडब्ल्यूएलवायफाय ००००:०२:००.०: डायरेक्ट फर्मवेअर लोड फॉर आयडब्ल्यूएलवायफाय-८२६५-३६.यूकोड फेल्ड विथ एरर -२
[१.४१८] हीच ओळ, ३६च्या जागी ३५
[१.४१९] हीच ओळ, ३४. असं करत आकडा खाली उतरत जातो
[१.४३०] आयडब्ल्यूएलवायफाय ००००:०२:००.०: नो सुटेबल फर्मवेअर फाउंड!
[१.६०२] सीएफजी८०२११: फेल्ड टू लोड रेग्युलेटरी.डीबी
[१.८८६] व्हीएफएस: माउंटेड रूट, एक्सटी४ फाइलसिस्टिम, रीडओन्ली

फर्मवेअर सापडत नाही एवढं कळलं. पण ते तिथे आहे! मी आत्ता पुन्हा बघितलं, फाइली जागच्या जागी आहेत.

तांब्याचीतार · शनिवार, सकाळी ८:१०

छान उतरवलंत. उत्तर या ओळींतच आहे. नुसते सेकंद बघा.

ड्रायव्हरने फर्मवेअर मागितलं १.४१७ला. रूट फाइलसिस्टिम जोडली गेली १.८८६ला. ज्या क्षणी ड्रायव्हर /लिब/फर्मवेअरमध्ये हात घालत होता, त्या क्षणी /लिब नावाचं काही अस्तित्वातच नव्हतं. तुमची डिस्क अजून जोडलेली नव्हती. एरर -२ म्हणजे 'अशी फाइल नाही', आणि त्या क्षणापुरतं ते खरंच होतं.

हे होतं कारण ड्रायव्हर तुम्ही कर्नलच्या आत बसवला. आत बसवलेले ड्रायव्हर डिस्क जोडण्याच्या आधीच सुरू होतात. इनिट-रॅम-एफएस (डिस्कच्या आधी मेमरीत उघडणारी छोटी फाइलसिस्टिम) असती तर त्यात फर्मवेअर ठेवता आलं असतं, पण तुम्ही जी पद्धत वापरता आहात त्यात ती बनवत नाहीत. उबुंटूत ही अडचण येत नाही कारण तिथे हा ड्रायव्हर मॉड्यूल (हवा तेव्हा चढवता-उतरवता येणारा वेगळा तुकडा) असतो, डिस्क जोडून झाल्यावर युडेव्ह (उपकरणं ओळखणारा प्रोग्राम) कार्डाचा क्रमांक बघून तो चढवतो.

थोडं खोलात जाऊन सांगतो, कारण एकदा हे डोक्यात बसलं की पुढच्या प्रत्येक कार्डाला उपयोग होतो. वायफाय कार्ड म्हणजे नुसता रेडिओ नाही, त्यावर एक छोटा प्रोसेसर असतो. या प्रोसेसरला चालवायचा प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. इंटेलच्या या कार्डांत तो कायमचा कोरलेला नसतो, वीज गेली की जातो, म्हणून दर वेळी ड्रायव्हरने तो डिस्कवरून वाचून कार्डात भरावा लागतो. ३६, ३५, ३४ हा जो उतरता आकडा दिसतो तो फर्मवेअर आणि ड्रायव्हर यांच्यातल्या बोलीचा क्रमांक. ड्रायव्हर आपल्याला येणाऱ्या सगळ्यात नव्या बोलीपासून सुरुवात करतो आणि मिळेपर्यंत जुन्याकडे जातो. सगळीच कार्डं अशी नसतात. अ‍ॅथेरॉसच्या एटीएच९के ड्रायव्हरवर चालणाऱ्या पीसीआय कार्डांना बाहेरून फर्मवेअर लागतच नाही, आणि म्हणून स्वतः सिस्टिम बांधणारे अनेक जण ती जपून ठेवतात.

आता करायचं काय: मेनूकॉन्फिगमध्ये आयडब्ल्यूएलवायफाय आणि एमव्हीएम दोन्हींपुढची तारा काढून एम करा. सीएफजी८०२११ आणि मॅक८०२११ डेफकॉन्फिगमध्ये मुळातच आत असतात, तेही एम करा, म्हणजे १.६०२ला न सापडलेली रेग्युलेटरी.डीबी (देशोदेशीच्या वायफाय नियमांची फाइल) हीसुद्धा डिस्क जोडल्यावरच शोधली जाईल. मग 'मेक', 'मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल', नवा कर्नल /बूटमध्ये आणि रीबूट. मॉड्यूल्स_इन्स्टॉल विसरू नका. आतापर्यंत बहुतेक सगळं कर्नलच्या आत असल्यामुळे ती पायरी गाळली तरी तुम्हाला फरक जाणवला नसता, आता जाणवेल.

रात्रपाळी · शनिवार, सकाळी ९:२०

निदान शंभर टक्के बरोबर. उपायाला मात्र दुसरी वाटही आहे.

कर्नलच्या कॉन्फिगमध्ये एक्स्ट्रा_फर्मवेअर नावाचा पर्याय आहे. त्यात फाइलींची नावं स्पेस देऊन लिहायची, मग त्या फाइली कर्नलच्या प्रतिमेतच शिवल्या जातात आणि डिस्कची वाट बघावी लागत नाही. तुमच्या बाबतीत आयडब्ल्यूएलवायफाय-८२६५-३६.यूकोड, रेग्युलेटरी.डीबी आणि रेग्युलेटरी.डीबी.पी७एस. शेवटची ती सही आहे, तिच्याशिवाय कर्नल डेटाबेस मान्य करत नाही.

मी माझी सिस्टिम कित्येक वर्षं अशीच चालवतो. एक कर्नल फाइल, मॉड्यूल एकही नाही. ज्याने सगळं हाताने बांधलंय त्याला हे जास्त भावतं असा माझा अनुभव.

तांब्याचीतार · शनिवार, सकाळी ९:४५

वाट चांगलीच आहे, पण आत्ता नको. आत शिवलेल्या ड्रायव्हरला पुन्हा उठवायचं तर मशीनच रीबूट करावं लागतं. मॉड्यूल असला की 'मॉडप्रोब -आर' करून उतरवा, फाइल बदला, पुन्हा चढवा, अर्ध्या मिनिटात कळतं काय झालं ते. अडचण शोधताना हे फार मोलाचं आहे. एकदा सगळं सुरळीत झालं की मग हवं तर आत घ्यावं. आणि दोन-अडीच एमबीची बंद फर्मवेअर फाइल पोटात असलेला कर्नल दुसऱ्या कोणाला देऊ नये, परवान्याचा प्रश्न येतो. स्वतःपुरता ठीक.

रात्रपाळी · शनिवार, सकाळी ९:५२

हो, शोधाशोध चालू असेतोवर मॉड्यूल. मान्य.

कोरीपाटी · शनिवार, दुपारी ४:२५

तार, तुम्ही सांगितलंत तसंच्या तसं केलं. मॉड्यूल चढतात, 'एलएसमॉड'मध्ये (चढलेल्या मॉड्यूलांची यादी) आयडब्ल्यूएलवायफाय आणि सीएफजी८०२११ दिसतात. फर्मवेअरची मागणी आता ४.१०९ सेकंदाला होते, रूट १.८च्या आसपास जोडली जाते. म्हणजे क्रम सुधारला.

पण संदेश तोच! ३६ एरर -२, ३५ एरर -२, खाली खाली, नो सुटेबल फर्मवेअर फाउंड. आता तर डिस्क जोडलेली आहे. आता का सापडत नाही?

मुक्तछंद · शनिवार, दुपारी ४:४०

फाइलींना वाचायची परवानगी नसेल का? उबुंटूवरून आणताना मालक बदलला असेल.

जुनाखिळा · शनिवार, दुपारी ४:५८

परवानगीचा प्रश्न असता तर आकडा -२ नसता, -१३ असता. -२ म्हणजे त्या नावाची फाइलच नाही.

कोरीपाटी, 'एलएस -एल /लिब/फर्मवेअर' चं उत्तर एक अक्षरही न गाळता इथे लिहाल का? शेपटीसकट.

कोरीपाटी · शनिवार, संध्याकाळी ५:०६

आयडब्ल्यूएलवायफाय-८२६५-३६.यूकोड.झेडएसटी
आयडब्ल्यूएलवायफाय-८२६५-३४.यूकोड.झेडएसटी

आणखी दोन-तीन आहेत, सगळ्यांच्या शेवटी झेडएसटी.

अरे.

जुनाखिळा · शनिवार, संध्याकाळी ५:१५

सापडलं. फर्मवेअरचा पसारा काहीशे एमबींचा झालाय, म्हणून बरीच वितरणं त्या फाइली दाबून ठेवतात. फेडोरा एक्सझेड वापरतं, आर्च आणि नवे उबुंटू झेडएसटी. त्यांच्या कर्नलला दाबलेली फाइल उलगडायला शिकवलेलं असतं. एक्सझेडची सोय कर्नलमध्ये ५.३ला आली, झेडएसटीची ५.१९ला. पण दोन्ही पर्याय आपण निवडल्याशिवाय चालू होत नाहीत आणि डेफकॉन्फिगमध्ये ते नसतात. तुमचा कर्नल 'यूकोड'ने संपणारं नाव शोधतो आणि त्या नावाचं तिथे खरंच काही नाही.

कर्नल पुन्हा बांधायची गरज नाही. झेडएसटीडी हे पॅकेज तुम्ही पायाभूत सिस्टिममध्येच बांधलेलं आहे. /लिब/फर्मवेअरमध्ये जाऊन 'झेडएसटीडी -डी' पुढे फाइलीचं नाव द्या, शेपूट नसलेली फाइल तयार होईल. मग 'मॉडप्रोब -आर आयडब्ल्यूएलएमव्हीएम', 'मॉडप्रोब -आर आयडब्ल्यूएलवायफाय', 'मॉडप्रोब आयडब्ल्यूएलवायफाय'. पहिल्या कमांडने 'चढलेलंच नाही' म्हटलं तर म्हणू द्या.

नकल करताना आणखी एक तपासा: वितरणांमध्ये काही फर्मवेअर फाइली खऱ्या नसून दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारे दुवे असतात. नुसता दुवा आणला आणि मूळ फाइल मागे राहिली तर पुन्हा -२च मिळतो. 'एलएस -एल'मध्ये बाण दिसला की सावध व्हायचं.

कोरीपाटी · शनिवार, संध्याकाळी ५:३१

[१३८२.७७] आयडब्ल्यूएलवायफाय ००००:०२:००.०: लोडेड फर्मवेअर व्हर्जन ३६... ऑप_मोड आयडब्ल्यूएलएमव्हीएम
[१३८३.०९] आयडब्ल्यूएलवायफाय ००००:०२:००.० डब्ल्यूएलपी२एस०: रीनेम्ड फ्रॉम डब्ल्यूलॅन०

'आयपी लिंक'मध्ये दुसरी ओळ आली! डब्ल्यूएलपी२एस०! रीबूटसुद्धा करावं लागलं नाही.

मी काल रात्री दोन वाजेपर्यंत कर्नल तीनदा बांधला होता आणि खोट होती फाइलीच्या नावाच्या शेवटच्या चार अक्षरांत. जुनाखिळा, तार, दोघांचे मनापासून आभार. पुढची पायरी आता डब्ल्यूपीए सप्लिकंट (पासवर्ड देऊन नेटवर्कला जोडणारा प्रोग्राम).

अर्धविराम · शनिवार, संध्याकाळी ६:०२

धाग्यात मध्येच शिरतोय, पण माझंही दुखणं याच गावचं आहे म्हणून इथेच विचारतो. माझंही कार्ड हेच, इंटेल ८२६५. माझ्याकडे फर्मवेअर नीट चढतं, 'लोडेड फर्मवेअर व्हर्जन' ही ओळ येते, एररची एकही ओळ नाही. 'एलएसपीसीआय -के'मध्येही 'कर्नल ड्रायव्हर इन यूज: आयडब्ल्यूएलवायफाय' लिहून येतं. आणि तरी 'आयपी लिंक'मध्ये इंटरफेस नाही. चार दिवस झाले.

तांब्याचीतार · शनिवार, संध्याकाळी ६:२०

ती 'लोडेड फर्मवेअर' ओळ शेवटपर्यंत वाचा. शेवटी 'ऑप_मोड'पुढे काय लिहिलंय? या कार्डाला तिथे आयडब्ल्यूएलएमव्हीएम असणार. आता कॉन्फिगमध्ये बघा, तुम्ही एमव्हीएमऐवजी डीव्हीएम निवडलंय का?

आयडब्ल्यूएलवायफाय हा ड्रायव्हरचा निम्मा भाग आहे. तो पीसीआयवरून कार्डाशी बोलतो, फर्मवेअर भरतो आणि पुढचं काम दुसऱ्या मॉड्यूलकडे सोपवतो. ५००० आणि ६००० मालिकेतल्या जुन्या कार्डांसाठी ते दुसरं मॉड्यूल डीव्हीएम, ७००० मालिकेपासून पुढे एमव्हीएम. चुकीचं निवडलं तर पहिला निम्मा भाग आपलं काम चोख करतो आणि पुढे कोणी घ्यायला नसतं. एरर यायचं कारणच नाही.

दोन्हीही निवडलं नाही तर मेनूकॉन्फिग तिथेच एक ओळ दाखवतं, की डीव्हीएम किंवा एमव्हीएमशिवाय आयडब्ल्यूएलवायफायचा काही उपयोग नाही. एक चुकीचं निवडलं की मात्र ती सूचनाही नाहीशी होते, कारण त्याच्या दृष्टीने तुम्ही काहीतरी निवडलेलं असतं.

अर्धविराम · शनिवार, रात्री ८:४०

डीव्हीएमच होतं. एमव्हीएम निवडलं, मॉड्यूल बांधलं, इंटरफेस आला. चार दिवस मी फर्मवेअर बदलत होतो. आभारी आहे.

कोरीपाटी · शनिवार, रात्री १०:५०

पुढची हकीकत. लिबएनएल (पुढच्या दोघांना लागणारी लायब्ररी), आयडब्ल्यू (वायफाय तपासायची कमांड) आणि डब्ल्यूपीए सप्लिकंट हे तीन टारबॉल उबुंटूतून उतरवून नव्या सिस्टिमवर बांधले. पहिल्यांदा सप्लिकंट 'अनसपोर्टेड ड्रायव्हर एनएल८०२११' म्हणाला. त्याच्या स्वतःच्या कॉन्फिग फाइलमध्ये एनएल८०२११ आणि लिबएनएल३२ या दोन ओळी चालू करायच्या राहिल्या होत्या, ते माझं मलाच सापडलं.

आता 'आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूएलपी२एस० स्कॅन' केलं की आजूबाजूची पाच-सहा नेटवर्कं दिसतात, पण माझं घरचं दिसत नाही. राउटर तीन हातांवर आहे, फोन आत्ता त्यालाच जोडलेला आहे. सगळ्यात जोरदार सिग्नल, -३८ डीबीएम, एका विचित्र नावाच्या नेटवर्कचा आहे: उलटी तिरकी रेघ, एक्स, ई०, मग तसंच ए४, ९८, पुन्हा ई०, ए४, बी०. हे काय आहे? चॅनेल १३चा प्रश्न असेल का, की माझा देश-कोड (कोणत्या देशाचे वायफाय नियम लावायचे ते) लागला नाही म्हणून माझं नेटवर्क लपलंय?

रात्रपाळी · शनिवार, रात्री ११:१२

तुमच्या नेटवर्कचं नाव देवनागरीत आहे का? 'घर'?

कोरीपाटी · शनिवार, रात्री ११:१४

हो!! कसं ओळखलंत?

रात्रपाळी · शनिवार, रात्री ११:३०

बाइट वाचले. यूटीएफ-८मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं आणि बहुतेक अक्षरं ई० ए४ ने सुरू होतात. ई० ए४ ९८ म्हणजे घ, ई० ए४ बी० म्हणजे र. जो सिग्नल सगळ्यात जोरदार दिसतोय तो तुमच्याच राउटरचा आहे. आयडब्ल्यू साध्या रोमन अक्षरांपलीकडचं काही दिसलं की ते बाइट उघडे करून छापतं.

वायफायच्या नियमाप्रमाणे नेटवर्कचं नाव म्हणजे फक्त बाइटांची एक ओळ, जास्तीत जास्त ३२. ती कोणत्या लिपीतली आहे याच्याशी कार्डाला, ड्रायव्हरला, सप्लिकंटला काही देणंघेणं नाही. म्हणजे आपल्या लिपीत नाव ठेवायचं तर दहा चिन्हं बसतात, आणि काना-मात्रा-वेलांटी-हलन्त हे सगळं वेगळं मोजायचं. 'घर' सहा बाइटांत मावतं, 'स्वागत'ला अठरा लागतात: स, हलन्त, व, काना, ग, त.

तुमच्याकडे अजून ग्राफिकल पडदा नाही आणि लिनक्सच्या कन्सोलवर एका वेळी ५१२पेक्षा जास्त आकार बसत नाहीत, मात्रा जोडणं तर त्याला जमतच नाही. म्हणून तिथे 'घर' टंकायच्या मागे लागू नका. सप्लिकंटच्या कॉन्फिगमध्ये एसएसआयडीपुढे (नेटवर्कच्या नावाच्या जागी) अवतरणचिन्हं न देता सोळाच्या पायातले आकडे सलग लिहिले तरी चालतं: ई०ए४९८ई०ए४बी०. अवतरणं दिलीत तर तो त्यालाच नाव समजेल, म्हणून ती नकोत. खालच्या पीएसकेला (किल्लीच्या ओळीला) मात्र पासवर्ड अवतरणांतच हवा.

'डब्ल्यूपीए_पासफ्रेज'ने पीएसके आधी काढून ठेवायचा विचार असेल तर त्यालाही नाव अगदी याच बाइटांत द्यावं लागेल. पासवर्ड आणि नाव एकत्र करून ४०९६ वेळा घोटलं जातं तेव्हा २५६ बिटांची खरी किल्ली निघते, त्यामुळे नावातला एक बाइट चुकला तरी किल्ली पूर्ण वेगळी.

देश-कोडचं म्हणाल तर ८२६५ स्वतःचं ठरवतं. 'आयडब्ल्यू रेग गेट'मध्ये त्याच्यापुढे 'सेल्फ-मॅनेज्ड' दिसेल.

मुक्तछंद · रविवार, सकाळी ८:०५

किती सुरेख समजावलंत, रात्रपाळी. माझ्या नेटवर्कचं नावही मराठीत आहे. त्याच्या आत काय चालतं याचा कधी विचारच केला नव्हता.

देश-कोडचा विषय निघाला म्हणून: माझ्याकडे एटीएच९केचं कार्ड आहे, फर्मवेअर लागत नाही, पण 'आयडब्ल्यू रेग गेट' ००च दाखवतं आणि १२-१३ चॅनेलवर काही सुरू करता येत नाही.

जुनाखिळा · रविवार, सकाळी ८:४०

०० म्हणजे 'कुठे आहे माहीत नाही', म्हणून कर्नल कुठेही चालेल असे सगळ्यात कडक नियम लावतो. वायरलेस-रेगडीबी पॅकेजमधल्या रेग्युलेटरी.डीबी आणि तिची पी७एस सही /लिब/फर्मवेअरमध्ये ठेवा. कर्नल ४.१५पासून हा डेटाबेस स्वतः वाचतो, आधी त्यासाठी सीआरडीए नावाचा वेगळा प्रोग्राम लागायचा, आता नको. सीएफजी८०२११ आत बसवलेलं असेल तर तुमच्याकडेही तोच डिस्क-आधीचा घोळ होणार. अशा वेळी 'आयडब्ल्यू रेग रीलोड' दिलं की डेटाबेस पुन्हा वाचला जातो. मग 'आयडब्ल्यू रेग सेट' आणि आपल्या देशाची दोन अक्षरं. खरी अक्षरं द्या. जास्त शक्ती मिळावी म्हणून दुसऱ्या देशाची देणं बेकायदा आहे, आणि ५ गिगाहर्ट्झमधल्या काही चॅनेलांवर हवामानाचे रडार असतात, त्यांना अडथळा होतो.

कोरीपाटी · रविवार, दुपारी १:१०

जोडलं गेलं! 'सीटीआरएल-इव्हेंट-कनेक्टेड' दिसलं, डीएचसीपीसीडीने पत्ता आणला, पिंग गेला. आनंदाने रीबूट केलं आणि आता नवं दुखणं: दर पाच-सात सेकंदांनी तुटतं, जोडतं, तुटतं. 'डिसकनेक्टेड, रीझन=३, लोकली_जनरेटेड=१'. हाताने जोडलं होतं तेव्हा अर्धा तास सलग चाललं होतं.

जुनाखिळा · रविवार, दुपारी १:२५

'लोकली_जनरेटेड' महत्त्वाचं आहे. राउटरने तुम्हाला तोडलेलं नाही, तुमच्याच मशीनने तोडलंय. 'पीग्रेप -ए डब्ल्यूपीए' द्या आणि किती ओळी येतात ते सांगा.

कोरीपाटी · रविवार, दुपारी १:३३

दोन.

एक नेटवर्कच्या सेवेने सुरू केलेला, तो मी आज सकाळी /ईटीसी/सिसकॉन्फिगमध्ये नीट मांडला होता. दुसरा माझ्या त्या छोट्या स्क्रिप्टमधला, काल रात्री चाचणीसाठी बूटमध्ये घातली होती ती. दोघं एकाच कार्डावर बसून एकमेकांचं जोडणं तोडत होते.

स्क्रिप्ट काढली. एकच सप्लिकंट उरला. तीनदा रीबूट करून बघितलं, तिन्ही वेळा आपोआप जोडलं गेलं.

तांब्याचीतार · रविवार, दुपारी १:५०

आता दोन मिनिटं राउटरला पिंग चालू ठेवा आणि वेळा बघा. सारखे हेलकावे दिसले तर 'आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूएलपी२एस० सेट पॉवर_सेव्ह ऑफ' (कार्डाची वीज वाचवायची सोय बंद) देऊन पुन्हा बघा.

कोरीपाटी · रविवार, संध्याकाळी ७:२०

आधी ३ मिलिसेकंद, मग ९०, मग ६, मग ११० असं चालू होतं. पॉवर_सेव्ह बंद केल्यावर २ आणि ४च्या मधे स्थिर. कायमसाठी /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये आयडब्ल्यूएलएमव्हीएमला पॉवर_स्कीम=१ असा पर्याय दिला. बॅटरी थोडी लवकर उतरेल, चालेल.

संध्याकाळभर नव्या सिस्टिममध्येच बसले आहे. मजकुरी ब्राउझर बांधला आणि त्यातच हा धागा उघडला. कन्सोलवर सगळी अक्षरं आणि आकडे चौकोनच दिसतात. देवनागरी दिसण्यासाठी आता ग्राफिकल पडदा, फॉन्ट आणि हार्फबझ (अक्षरं-मात्रा नीट जुळवणारी लायब्ररी) बांधायला घेते. तेवढं झालं की पुढचा प्रतिसाद तिथूनच टंकेन.